हिल्डाबाईंच्या चार नोकऱ्या

एक सोपा खेळ. सहा देश देते: जपान, तुर्कस्तान, जर्मनी, म्यानमार, भारत आणि रशिया. कॉलेजं आणि विद्यापीठांत शिकवणाऱ्यांपैकी बायका किती टक्के, या हिशोबाने त्यांना ओळीत लावायचं. सगळ्यात कमी आधी, सगळ्यात जास्त शेवटी. गूगल न करता :)

लावलंत? आता उत्तर. सगळ्यात खाली जपान, ३० टक्क्यांच्या आसपास. मग जर्मनी, साधारण ४०. भारत ४३ (२०२१-२२ च्या सरकारी सर्वेक्षणाप्रमाणे). तुर्कस्तान त्याहून किंचित वर, ४५ च्या घरात. रशियात निम्म्याहून बऱ्यापैकी जास्त. आणि यादीत सगळ्यात वर म्यानमार. २०१० च्या दशकात तिथे उच्च शिक्षणात शिकवणाऱ्या दर पाच जणांपैकी चार बायका होत्या!

म्हणजे हीच यादी दरडोई उत्पन्नाने लावली तर जवळपास उलटी होईल. लोकशाही, मतदानाचा हक्क, 'पुढारलेपण' असलं काहीही लावून बघा, नीट बसत नाही. ज्या देशात कित्येक दशकं लष्कराचं राज्य, तिथे वर्गात बाई. आणि जिथे बुलेट ट्रेन, तिथे सर.

आता टक्केवारी हा प्रकार जपून वापरायचा असतो. डेटाबेसच्या दोन टेबलांमध्ये कॉलमचं नाव सारखं असलं म्हणून आत सारखीच गोष्ट असते असं नाही, हे आपल्या धंद्यात सगळ्यांनाच ठाऊक आहे. 'शिक्षक' कोणाला म्हणायचं हे प्रत्येक देश आपापलं ठरवतो. कुठे पीएचडी करता करता ट्यूटोरियल घेणारी मुलंमुली मोजतात, कुठे फक्त पूर्णवेळ नोकरीवाले. कुठे नर्सिंग आणि बीएडची कॉलेजं धरतात, कुठे नाही. त्यामुळे ४३ आणि ४५ यांच्यात कोण पुढे यावर भांडण्यात अर्थ नाही. पण ३० आणि ८० मधला फरक व्याख्येने पडत नाही. तो इतिहासाने पडतो.

तो इतिहास समजून घ्यायला मला एक बाई फार उपयोगी वाटतात. नाव हिल्डा गाइरिंगर. गणितज्ञ. त्यांनी आयुष्यात तीन देशांत मिळून शिकवण्याच्या चार नोकऱ्या केल्या आणि प्रत्येक नोकरी त्या त्या देशाबद्दल काहीतरी सांगून जाते. मेकॅनिकलवाल्यांनी प्लास्टिसिटीच्या पुस्तकात गाइरिंगर समीकरणं बघितली असतील, त्याच या. आणि कॉम्प्युटरवाल्यांसाठी गंमत म्हणजे, क्यूइंग थिअरीत पोलाचेक-खिंचिन सूत्र आहे ना, त्यातले पोलाचेक हे यांचे पहिले नवरे. पुढे घटस्फोट झाला आणि १९२२ साली झालेली मुलगी हिल्डाबाईंनी एकटीने वाढवली.

पहिली नोकरी बर्लिन. हिल्डाबाई मूळच्या व्हिएन्नाच्या, १८९३ चा जन्म, १९१७ साली तिथेच डॉक्टरेट. १९२१ मध्ये त्या बर्लिन विद्यापीठात रिचर्ड फॉन मिझेस यांच्या सहाय्यक झाल्या. आता जर्मनीत नुसत्या पीएचडीने विद्यापीठात शिकवता येत नसे. त्यावर 'हाबिलिटेशन' नावाची आणखी एक मोठी परीक्षा. ती पास झाली की स्वतःच्या नावाने व्याख्यानं द्यायचा परवाना मिळायचा, पगार नाहीच. मग कुठेतरी प्रोफेसरची जागा निघेपर्यंत वाट बघत बसायचं, दहा वर्षं, पंधरा वर्षं. घरचं बरं असेल, किंवा घरी कोणीतरी स्वयंपाकपाणी बघत असेल, तरच झेपणारा मामला.

आणि बायकांना ही परीक्षा द्यायचीच बंदी होती. एमी न्योटरची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकली असेल. १९१५ साली हिल्बर्ट आणि क्लाइन या दिग्गजांनी त्यांना ग्योटिंगेनला बोलावून घेतलं, पण इतर विभागांच्या प्रोफेसरांनी हाबिलिटेशन अडवलं. युद्धावरून परत आलेल्या सैनिकांनी काय एका बाईच्या पायाशी बसून शिकायचं, असा सूर होता म्हणतात. त्यावर हिल्बर्ट म्हणाले की हे विद्यापीठ आहे, न्हाणीघर नव्हे, अशीही आख्यायिका आहे. ते काही असो, पुढची काही वर्षं न्योटरबाईंची व्याख्यानं हिल्बर्टच्या नावाने जाहीर व्हायची आणि शिकवायच्या त्या. भौतिकशास्त्रातला त्यांचा प्रसिद्ध सिद्धांत, म्हणजे ऊर्जेच्या अक्षय्यतेमागे काळाची सममिती असते वगैरे, तो १९१८ चा. तेव्हासुद्धा त्या अधिकृतपणे कोणीच नव्हत्या! युद्ध संपलं, राजेशाही गेली, आणि १९१९ साली त्यांचं हाबिलिटेशन झालं. १९२० पासून ही वाट सगळ्याच बायकांना खुली झाली.

हिल्डाबाईंनी १९२७ मध्ये बर्लिनला हाबिलिटेशन केलं. १९३३ साली त्यांचं नाव वरच्या पदासाठी पुढे गेलं होतं. त्याच वर्षी हिटलर आला, ज्यूंना सरकारी नोकरीतून काढायचा कायदा एप्रिलमध्ये झाला, आणि न्योटर आणि गाइरिंगर दोघींच्याही नोकऱ्या गेल्या. जेमतेम तेरा वर्षं उघडं राहिलेलं दार पुन्हा लागलं.

जर्मनीचा आकडा आजही मध्यमच का, याचं अर्धं उत्तर इथे आहे. दार उशिरा उघडलं हे झालंच. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे शिडीची रचना. युद्धानंतर शिडी तशीच राहिली: वयाच्या चाळिशीपर्यंत तात्पुरत्या करारांवर काम, आणि मग एकदम प्रोफेसर किंवा काहीच नाही. त्यात पश्चिम जर्मनीत शाळा दुपारी सुटायच्या. मुलं जेवायला घरी, म्हणजे आई घरी. मूल दुसऱ्याकडे ठेवून कामाला जाणाऱ्या आईसाठी जर्मनमध्ये खास शिवी आहे, 'राबेनमुटर', म्हणजे कावळीण आई. परिणाम असा की १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत प्रोफेसरांमध्ये बायका शंभरात सहा-सात होत्या. २०२२ मध्ये त्या २८ झाल्या. मघाशी दिलेला ४० चा आकडा खालच्या सगळ्या पायऱ्या धरून आहे.

इंग्लंडची तऱ्हा याहून वेगळी नव्हती. ऑक्सफर्ड-केंब्रिज ही मुळात मठांच्या वळणाची विद्यापीठं. तिथल्या बहुतेक फेलोंना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत लग्न करायचीच परवानगी नव्हती. लग्न केलं की फेलोशिप गेली. अशा ठिकाणी बाई शिकवणार ही कल्पनाच कुठे बसायची? ऑक्सफर्डने बायकांना पदवी दिली १९२० मध्ये. केंब्रिजने १९४८ पर्यंत नुसता पदवीचा किताब दिला, विद्यापीठाचं सदस्यत्व नाही. त्यामुळे १९३९ साली एक अजब प्रकार झाला. डोरोथी गॅरड या पुरातत्त्वाच्या प्रोफेसर म्हणून निवडल्या गेल्या, केंब्रिजच्या पहिल्या महिला प्रोफेसर, आणि त्या विद्यापीठाच्या पूर्ण सदस्यच नव्हत्या. म्हणजे रूट पासवर्ड हातात, पण युजर अकाउंट नाही! आणि त्याच १९३९ साली आपल्या कमला सोहोनी (माहेरच्या भागवत, दुर्गाबाईंच्या बहीण) केंब्रिजहून पीएचडी झाल्या. त्याआधी १९३३ मध्ये बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना बाई म्हणून प्रवेश नाकारला होता, आणि अडून बसल्यावर अटी घालून घेतलं होतं, ही गोष्ट आपल्याकडे माहीत आहेच.

परत हिल्डाबाईंकडे. दुसरी नोकरी इस्तंबूल, १९३४. आणि इथे कथेला कलाटणी मिळते. १९३३ साली केमाल आतातुर्क यांच्या सरकारने जुनं 'दारुलफुनून' बंद करून नवं इस्तंबूल विद्यापीठ सुरू केलं. प्रोफेसर हवे होते, आणि जर्मनी त्याच वर्षी आपले प्रोफेसर हाकलत होता. तुर्कांनी ते घाऊकच उचलले. फॉन मिझेस गेले, पाठोपाठ हिल्डाबाई मुलीला घेऊन गेल्या, आणि ज्या पदवीसाठी बर्लिनमध्ये वाट बघितली ती इथे थेट मिळाली: गणिताच्या प्रोफेसर. काही वर्षांत त्या तुर्की भाषेत शिकवायला लागल्या.

आता हे एका परदेशी बाईचं नशीब म्हणून सोडून देता आलं असतं. पण तुर्कस्तानात स्थानिक बायकाही भराभर शिकवायला लागल्या, आणि पुढे कित्येक दशकं तिथल्या विद्यापीठांत त्यांचं प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास राहिलं, युरोपातले बरेच देश मागे असताना. का? आपण पटकन म्हणू की आतातुर्कांची सुधारणा. ते आहेच. पण १९८१ मध्ये आयशे ओन्जू या तुर्की समाजशास्त्रज्ञ बाईंनी एक निबंध लिहिला. तुर्कस्तानात व्यवसायांत बायका इतक्या जास्त का, हाच त्याचा विषय. त्यांचं उत्तर जरा टोचणारं आहे.

त्यांचं म्हणणं साधारण असं. देशाला अचानक खूप डॉक्टर, वकील, प्राध्यापक हवे होते. शहरातल्या सुशिक्षित, वरच्या वर्गातले पुरुष पुरेसे नव्हते. मग जागा भरायच्या कोणी? दोन पर्याय: त्याच घरांतल्या मुली, किंवा खेड्यातल्या गरीब घरांतले हुशार मुलगे. वरच्या वर्गाला मुली चालल्या. मुलगी आपली, जागा घरातच राहते. खेड्यातला मुलगा आला तर अख्खी उतरंड हलते. आणि या मुलींना नोकरी जमली, कारण घरकामाला आणि मूल सांभाळायला स्वस्तात बाई मिळत होती, जी त्याच खेड्यांतून आलेली असे.

ही गोष्ट एकदा डोक्यात बसली की मग बाकीचे देश आपोआप उलगडायला लागतात. पोर्तुगाल घ्या. सालाझारची हुकूमशाही, कर्मठ कॅथलिक समाज. तरी पोर्तुगालात विद्यापीठं आणि संशोधनात बायकांचं प्रमाण पश्चिम युरोपातल्या वरच्या देशांमध्ये गणलं जातं. एक मोठं कारण हे दिलं जातं की १९६१ ते १९७४ या काळात आफ्रिकेतल्या वसाहतींची युद्धं चालू होती. तरुण मुलगे सैन्यात गेले, किंवा सैन्य चुकवायला फ्रान्सला पळाले, आणि नेमका तोच विद्यापीठं वाढण्याचा काळ होता. जागा होत्या, पुरुष नव्हते. सोव्हिएत रशियात दुसऱ्या महायुद्धाने पुरुषांच्या पिढ्याच कापल्या. शिवाय पाळणाघरं सरकारी, आणि बाईने नोकरी करायची हे गृहीतच. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये कोसळल्यावर प्राध्यापकाचा पगार मातीमोल झाला, पुरुष धंद्यात पळाले, आणि टक्केवारी आणखी वर गेली. म्यानमारमध्ये प्राध्यापकी ही कमी पगाराची, बदल्यांची सरकारी नोकरी. १९८८ च्या आंदोलनानंतर विद्यापीठं सरकारने वारंवार बंद ठेवली. ज्या पुरुषांना दुसरीकडे काही मिळत होतं ते तिकडे गेले. मागे राहिल्या त्यांनी वर्ग चालवले. ८० टक्के हा आकडा त्यातून येतो. त्याला काय म्हणायचं, स्त्रियांची प्रगती की विद्यापीठांची परवड? मला वाटतं दोन्ही, आणि म्हणूनच नुसत्या आकड्याकडे बघून टाळ्या वाजवता येत नाहीत.

हिल्डाबाईंची तिसरी नोकरी अमेरिका. १९३८ मध्ये आतातुर्क वारले, निर्वासितांचे करार पुढे चालतील याची खात्री राहिली नाही, आणि १९३९ मध्ये त्या मुलीसह अमेरिकेला गेल्या. फॉन मिझेस यांना हार्वर्ड मिळालं. हिल्डाबाईंना ब्रिन मॉर, फिलाडेल्फियाजवळचं बायकांचं कॉलेज. पद: लेक्चरर. प्रोफेसरच्या बरंच खाली. न्योटरबाईही १९३३ मध्ये तिथेच आल्या होत्या आणि १९३५ मध्ये तिथेच वारल्या. जगातल्या दोन पहिल्या दर्जाच्या गणितज्ञ बायका एकाच छोट्या कॉलेजात, हा काही योगायोग नव्हता. अमेरिकेत बाईला शिकवायची जागा मुख्यतः बायकांच्या कॉलेजातच होती.

१९४३ मध्ये त्यांनी फॉन मिझेस यांच्याशी लग्न केलं आणि हार्वर्डच्या जवळपास नोकरी शोधली. बऱ्याच विद्यापीठांना लिहिलं. एकाकडून आलेलं उत्तर जपून राहिलंय. आमच्याकडे थोड्या बायका आहेत, पण पुरुष मिळत असतील तर आणखी नकोत, असा त्याचा सरळ अर्थ. शेवटी चौथी नोकरी मिळाली, १९४४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या व्हीटन कॉलेजात. तेही बायकांचंच. तिथे त्या १९५९ पर्यंत शिकवत राहिल्या.

हार्वर्डची कथा थोडक्यात: पहिली महिला शिक्षक १९१९ मध्ये, ॲलिस हॅमिल्टन, औद्योगिक आरोग्याच्या तज्ज्ञ. अटी अशा की फॅकल्टी क्लबात यायचं नाही, पदवीदानाच्या मिरवणुकीत चालायचं नाही आणि फुटबॉलची तिकिटं मागायची नाहीत. १९३५ मध्ये निवृत्त झाल्या तेव्हाही असिस्टंट प्रोफेसरच. कायम नोकरीची पहिली महिला प्रोफेसर १९४८ मध्ये, इतिहासकार हेलन कॅम, आणि तीही बाईसाठीच राखून दिलेल्या देणगीच्या पदावर.

आता आपल्याला वाटतं की असे आकडे हळूहळू वरच जातात. अमेरिकेत तसं झालं नाही. १९४० च्या आसपास तिथल्या कॉलेज शिक्षकांत बायका साधारण २८ टक्के होत्या. १९६० मध्ये २२! महायुद्धावरून परतलेले सैनिक सरकारी पैशावर शिकले, कॉलेजं फुगली, पगार वाढले, प्रतिष्ठा वाढली, आणि पुरुष आत आले. त्यात नवरा-बायकोला एकाच संस्थेत नेमायचं नाही असे नियम. मारिया ग्योपर्ट मायर यांनी नवरा जिथे प्रोफेसर तिथे तिथे वर्षानुवर्षं फुकट किंवा जवळपास फुकट काम केलं. पूर्ण पगाराचं प्रोफेसरपद मिळालं १९६० मध्ये. १९६३ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल. म्हणजे म्यानमारचीच गोष्ट, उलट्या दिशेने. नोकरी चांगली झाली की बायका कमी. पुढे १९७२ चा कायदा, खटले आणि चळवळ यानंतर आकडा वर चढला आणि आज तो निम्म्याच्या आसपास आहे. तो आपोआप चढलेला नाही.

एक गंमत लक्षात आली का? बायकांना वेगळं ठेवल्यामुळेच बायकांना नोकऱ्या मिळाल्या. ब्रिन मॉर, व्हीटन ही त्याचीच उदाहरणं. सौदी अरेबियात मुलींची कॉलेजं संपूर्ण वेगळी, त्यामुळे शिकवायला बायका लागल्या, आणि तिथला आकडा २०१० च्या दशकात ४० च्या घरात गेला, म्हणजे जपानच्या बराच वर. आपल्याकडे कलकत्त्यात चंद्रमुखी बसू १८८३ मध्ये पदवीधर झाल्या, आणि ऑक्सफर्डने बायकांना पदवी द्यायच्या कितीतरी आधी त्या बेथून कॉलेजच्या प्रिन्सिपल होत्या. धोंडो केशव कर्व्यांचं महिला विद्यापीठ १९१६ चं. ते कर्व्यांना सुचलं ते टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून. १९०१ साली सुरू झालेलं ते टोकियोचं विद्यापीठ, आणि आज जपान यादीच्या तळाला! कारण जपानमध्ये वेगळं ते वेगळंच राहिलं. शाही विद्यापीठांपैकी तोहोकूने १९१३ मध्ये तीन मुली घेतल्या, तोक्योने थेट १९४६ मध्ये. नंतरही मुली दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजात, मुलगे विद्यापीठात, अशी वाटणी चालू राहिली, आणि शिकवणाऱ्या बायकाही त्या ज्युनियर कॉलेजांतच जास्त. २०१८ मध्ये तोक्योच्या एका वैद्यकीय विद्यापीठात प्रवेश परीक्षेत मुलींचे गुण मुद्दाम कमी करत होते हे उघड झालं. कारण काय, तर मुलं झाली की बायका नोकरी सोडतात.

आता आपल्या ४३ टक्क्यांकडे येऊ. हा आकडा वाढतोय. २०१४-१५ मध्ये दर १०० पुरुष शिक्षकांमागे ६३ बायका होत्या, २०२१-२२ मध्ये ७७. केरळमध्ये तर बायका साठ टक्क्यांच्या वर, गोवा, पंजाब, दिल्लीतही पुरुषांपेक्षा जास्त. बिहारमध्ये चारात जेमतेम एक. पण ओन्जूबाईंचा चष्मा लावून बघितलं की आपली पहिली नावं वेगळी दिसायला लागतात. १८८८ च्या सुमारास अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या कॉर्नेलिया सोराबजी, नाशिकचा जन्म, डेक्कन कॉलेजच्या पदवीधर, वडील मिशनरी. कमला सोहोनींचे वडील आणि काका दोघंही त्याच टाटा इन्स्टिट्यूटमधून शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. इरावती कर्वे, बर्लिनच्या डॉक्टरेट, १९३९ पासून डेक्कन कॉलेजात, वाढल्या रँग्लर परांजप्यांच्या घरी आणि सून झाल्या धोंडो केशव कर्व्यांच्या. या बायकांची हुशारी आणि जिद्द कमी होत नाही याने. पण दारापर्यंत पोचायची वाट कोणत्या घरांतून जात होती ते दिसतं.

ज्यांच्या घरातून वाट जात नव्हती त्यांचं काय? नागपूरच्या कुमुद पावडे यांचं 'अंतःस्फोट' (१९८१) यासाठी वाचावं. दलित घरातली मुलगी संस्कृत शिकते, एम.ए. होते, आणि नोकरी मिळत नाही. मुलाखतींना बोलावतात, बघतात, परत पाठवतात. शेवटी शासकीय महाविद्यालयात अध्यापकाची नोकरी मिळाली ती आंतरजातीय लग्नानंतर, आडनाव बदलल्यावर. ही नोकरी सोमकुंवर आडनावाला नाही, पावडे आडनावाला मिळाली, हे त्यांनी स्वतःच स्पष्ट लिहून ठेवलंय. देशातल्या कॉलेज शिक्षकांत अनुसूचित जातींचे लोक आजही शंभरात नऊच्या आसपास आहेत, स्त्री-पुरुष मिळून. त्यामुळे '४३ टक्के बायका' म्हटल्यावर कोणत्या बायका, हे विचारल्याशिवाय आकडा पूर्ण होत नाही.

आणि कोणत्या पायरीवर, हेही. भारतात ट्यूटर-डेमॉन्स्ट्रेटर या सगळ्यात खालच्या पायरीवर बायका पुरुषांपेक्षा जास्त आहेत. प्रोफेसरच्या पायरीवर त्या तीस टक्क्यांच्या आसपास येतात. आयआयटींमध्ये सगळ्या पायऱ्या धरून शंभरात दहा-पंधरा. हे फक्त आपलं नाही. युरोपियन युनियनमध्ये २०१८ साली नव्या पीएचडींमध्ये बायका जवळजवळ निम्म्या होत्या आणि सर्वोच्च पदांवर २६ टक्के. पिरॅमिड सगळीकडे तोच, फक्त पायाची रुंदी वेगळी.

मी ज्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले तिथे पहिल्या वर्षाला गणित, मेकॅनिक्स, बेसिक इलेक्ट्रॉनिक्स, सगळीकडे मॅडम. एचओडी, प्रिन्सिपल आणि ट्रस्टी मात्र सगळे सर. माझ्या बॅचमधल्या तिघी आज वेगवेगळ्या खाजगी कॉलेजांत शिकवतात. त्यातली एक आमच्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. एम.ई. केलंय, शिकवते उत्तम, आणि तिला मिळतो तो पगार कागदावर एक आणि हातात दुसरा. दुसरी नेट पास आहे, पीएचडी चालू आहे, आणि आर्ट्स-सायन्स कॉलेजात तासिका तत्त्वावर आहे, म्हणजे जितके तास घ्याल तितके पैसे, सुट्टीत शून्य. सरकारच्या सर्वेक्षणात या दोघीही अगदी मानाने मोजल्या जात असतील.

मला स्वतःला घरून दर दोन-तीन महिन्यांनी ऐकावं लागतं. आमच्या आत्याचं वाक्य ठरलेलं: "आयटीतलं रात्री-बेरात्रीचं काय घेऊन बसलीस, लग्नानंतर लेक्चररशिप बघ, बायकांना बरी असते." आत्या प्रेमानेच म्हणते, आणि मला शिकवायला आवडतंही. पण 'बायकांना बरी' म्हणजे नक्की काय? पाचला घरी येता येतं, मुलांच्या सुट्ट्या जुळतात, पगार नवऱ्यापेक्षा कमी असला तरी चालतं. म्हणजे नोकरी बरी आहे कारण घरचं दुसरं काम त्यात बसवता येतं. हेच वाक्य म्यानमारमध्ये, रशियात, आपापल्या भाषेत कित्येक आत्या म्हणत असणार! आणि जिथे ही नोकरी पुरुषांनाही बरी वाटते, पगार घसघशीत आणि मान मोठा, त्या जर्मनीत नि जपानमध्ये बायकांना आत यायला अजून झगडावं लागतंय.

थोडक्यात काय, तर या टक्क्यांमागे मला तीन प्रश्न दिसतात. विद्यापीठं वाढत होती तेव्हा पुरुष कुठे होते? नोकरीला पैसा आणि मान किती उरला होता? आणि ती वर्गात असताना तिचं मूल कोणाकडे होतं? बर्लिनमध्ये हिल्डाबाईंना या तिन्हींची उत्तरं प्रतिकूल होती, इस्तंबूलमध्ये अनुकूल, आणि अमेरिकेत पुन्हा प्रतिकूल. बाई तीच, गणित तेच. बदलला तो देश.

बर्लिनने १९५६ मध्ये त्यांना निवृत्त प्रोफेसर म्हणून पूर्ण वेतन सुरू केलं, त्रेसष्टाव्या वर्षी. १९७३ मध्ये त्या गेल्या.

असो. आपला आकडा आणखी काही वर्षांत पन्नासला पोचेल असा रंग दिसतोय, आणि तेव्हा पेपरात मोठा मथळा येईल. त्या दिवशी जमलं तर ओळखीच्या एखाद्या मॅडमला फोन करा आणि विचारा, कायम झालात का. मी माझ्या मैत्रिणीला करणार आहे.